हाताशी आठ सकाळी: पुणे–विजापूर–बदामी–हंपी–दांडेली सहलीची आखणी

पुण्यातलं सहा जणांचं कुटुंब. आजोबा चौऱ्याहत्तरचे, पण चालायला खणखणीत. आजी सत्तरच्या, गुडघे दुखरे. मुलगा आणि सून नोकरी करणारे, नात चौदाची, नातू आठचा. गाडी घरचीच, सात जणांची. भाऊबीज उरकली की त्या शनिवारी निघायचं आणि पुढच्या रविवारी रात्रीपर्यंत घरी पोचायचं, म्हणजे नऊ दिवस आणि आठ मुक्काम.

प्रत्येकाची मागणी वेगळी. आजोबांना विजापूर आणि ऐहोळे बघायचं होतं, आजींना हंपीचा विठ्ठल. नातीला जंगल आणि राफ्टिंग हवं होतं. सुनेचं एकच म्हणणं होतं: रोज उठून बॅगा भरायला लावू नका. नियोजनात सगळ्यात मोलाचं वाक्य हेच ठरलं, पण पहिल्या आराखड्यात त्याची दखलच नव्हती.

पहिला आराखडा

मुलानं नकाशा समोर ठेवून गोल काढला: पुणे, विजापूर, बदामी, हंपी, चित्रदुर्ग, जोग, गोकर्ण, दांडेली, पुणे. कागदावर झकास दिसतो. शहर आहे, किल्ला आहे, धबधबा, समुद्र, जंगल, सगळं आहे. अंतर जवळपास १,७०० किलोमीटर. नकाशावरच्या ॲपनं दाखवलेले तास जोडले तर पस्तीसच्या पुढे जातात.

ॲप दाखवतं तो वेळ एकट्या चालकाचा असतो. सोबत आजी-आजोबा आणि लहान मूल असेल तर चहा, स्वच्छतागृह, जेवण आणि उलट्या धरून त्याला १.३ ने गुणावं. म्हणजे साधारण ४६ तास झाले. नोव्हेंबरात या पट्ट्यात उजेड मिळतो रोज साडेअकरा तास, नऊ दिवसांचे सगळे मिळून १०४ च्या आसपास. त्यातला निम्म्याहून थोडाच कमी वेळ गाडीतच जाणार होता.

तरी खरी गोम तासांत नव्हती. आठ रात्रींसाठी सात हॉटेलं होती. आठपैकी सात सकाळी सामान बांधण्यात जाणार. सामान न बांधता उठायची सकाळ फक्त एक, तीही हंपीतली.

गावं न मोजता सकाळी मोजल्या

शहर, छोटं गाव आणि निसर्ग यांचा समतोल म्हटलं की लोक तिन्हींना सारखे दिवस वाटून देतात. ते चुकतं, कारण या तिघांना दिवसाचे वेगवेगळे तुकडे लागतात. विजापूरसारखं शहर भर दुपारीही बघता येतं: जाड भिंती, घुमटाखालची सावली, जेवणाखाणाची सोय. बदामीसारख्या गावाचं रूप दुपारी साडेबाराला दिसतच नाही. तिथे संध्याकाळ हवी आणि तिला लागून येणारी सकाळ हवी, म्हणजे निदान एक रात्र, खरं तर दोन. जंगलात पहाटेचे आणि मावळतीचे दोन-दोन तासच कामाचे, मधला वेळ झोपेचा. म्हणून जंगलात एक रात्र राहणं हा निव्वळ तोट्याचा सौदा: संध्याकाळी दमून पोचायचं आणि पहाटेच्या सफारीहून येऊन लगेच बॅगा उचलायच्या.

असं बघितलं की गाळणी आपोआप लागते. जोग गेला, कारण पावसाळा सरल्यावर शरावतीचं पाणी लिंगनमक्की धरणात अडतं आणि धबधब्याची धार बारीक होते. त्याच्यासाठी घाटातला अख्खा दिवस देण्यात अर्थ नव्हता. गोकर्ण गेलं. समुद्र कोकणात कधीही, शनिवार-रविवारीही बघता येतो. चित्रदुर्ग गेला तेव्हा आजोबा हळहळले, पण तो किल्ला चढण्याचा आहे आणि आजी पायथ्याशी बसून राहिल्या असत्या.

दांडेलीही जाणार होतं. मग परतीचा रस्ता मोजला. हंपीहून पुण्याला गदग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर असं आलं तर सहाशेच्या आसपास किलोमीटर आणि एक मुक्काम अटळ. हुबळीहून दांडेलीला वळून बेळगावला निघालं तर जेमतेम पाऊणशे किलोमीटर वाढतात. म्हणजे दांडेली वाटेवरच होतं. गोलाच्या टोकाला असलेलं ठिकाण महाग पडतं, परतीच्या वाटेवरचं जवळजवळ फुकट मिळतं. जंगलाच्या दोन रात्री तिथे ठेवल्या.

शेवटी मुक्काम असे बसले: विजापूर एक, बदामी दोन, हंपी (कमलापूर) दोन, दांडेली दोन, कोल्हापूर एक. हॉटेलं पाच, अंतर साडेतेराशेच्या आत. गाडीतले तास ४६ वरून ३६ वर आले, म्हणजे दहाच वाचले. मोकळ्या सकाळी मात्र एकीच्या तीन झाल्या, आणि विजापूर व दांडेलीच्या दोन अर्ध्या वर मिळाल्या.

हंपीला दोनच रात्री हा या आराखड्याचा कमकुवत दुवा आहे आणि तो जाणूनबुजून ठेवला. बदामीची एक रात्र काढून हंपीला द्यावी असा घरात आग्रह झाला. पण छोट्या गावाच्या वाट्याची रात्र नेहमी अशीच कापली जाते, आणि मग ते गाव चहापुरतं उरतं. आजींना एकाच दिवशी पायऱ्या आणि प्रवास दोन्ही सोसणार नव्हते, हेही होतंच.

आधी कुठलं बुकिंग

खोल्या प्रवासाच्या क्रमानं न घेता टंचाईच्या क्रमानं घेतल्या. आधी दांडेली, कारण जंगलाजवळ खोल्या कमी आणि सफारीच्या जागा मोजक्या. दिवाळीच्या सुट्टीत महाराष्ट्रातून गर्दी लोटते म्हणून मग हंपी, सहा आठवडे आधी. बदामी त्यानंतर. विजापूर आणि कोल्हापूर ही शहरं, तिथे आठवडाभर आधीही जागा मिळते. दांडेलीच्या तारखा पक्क्या झाल्यावर बाकीचे मुक्काम मागेपुढे सरकवले.

दोन तारखा आधीच तपासायच्या असतात. पुरातत्त्व खात्याची बदामी, ऐहोळे, कमलापूर इथली संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात. शनिवारी निघाल्यामुळे शुक्रवार दांडेलीत पडला आणि प्रश्न मिटला. दुसरी तारीख १ नोव्हेंबर. कर्नाटकात तो राज्योत्सव आणि बेळगावात मराठी भाषकांचा काळा दिन. मिरवणुका असतात, रस्ते अडतात. त्या दिवशी बेळगावातून जायची वेळ येऊ देऊ नये. डिसेंबरात जाणाऱ्यांनी विधिमंडळाचं बेळगावातलं अधिवेशनही बघावं, त्या काळात तिथे खोली मिळणं मुश्कील.

पाट्यांचं एक. २०१४ पासून अधिकृत नावं विजयपुरा, होसपेटे, हुब्बळ्ळी, बेळगावी अशी आहेत. ॲपमध्ये जुनं नाव चालतं, फाट्यावरच्या पाटीत ते सापडत नाही.

शनिवार, रविवार: विजापूर

पुण्याहून सोलापूर अडीचशे किलोमीटर, पुढे विजापूर शंभर. सकाळी साडेसहाला निघायचं ठरलं होतं, निघायला पावणेआठ झाले. संध्याकाळी पोचून दिवसाचं काम संपलं. पहिल्या दिवशी काहीही बघायचं ठेवलं नव्हतं म्हणून हा उशीर कोणाला बोचला नाही. पहिला दिवस नेहमी असाच रिकामा सोडावा, तो भरतोच.

रविवारी गोल घुमट दार उघडताच गाठला. मुहम्मद आदिलशहाची ही कबर १६५६ मध्ये पूर्ण झाली, घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटर. सज्जावर कुजबुजलेलं पलीकडे ऐकू येतं, टाळी कितीतरी वेळा घुमते. पण हे ऐकायचं तर वर माणसं नकोत. शाळेच्या सहली पोचल्या की फक्त कल्ला ऐकू येतो. वर जायचा जिना कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून, अरुंद आणि उंच पायऱ्यांचा, सात मजल्यांइतका. आजी खाली बागेत थांबल्या आणि त्यांच्यासोबत सून. इथे एक गोष्ट आधी ठरवावी: ज्येष्ठांसोबत प्रत्येक ठिकाणी थांबणारा माणूस बदलता हवा, नाहीतर सहलभर एकच जण खाली बसतो.

इब्राहिम रोजा मात्र आजींसाठीच असल्यासारखा. चढण थोडी, काम नाजूक, सावली भरपूर. मुलूख-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, वजन ५५ टनांच्या घरात. ही तोफ इथवर आणली कशी, यावर आजोबा आणि नातीचा वाद बदामीपर्यंत पुरला. दुपारी दोनला निघून पाचला बदामी.

सोमवार: बदामी

बदामी म्हणजे चालुक्यांची वातापी. तिसऱ्या लेण्यात इ. स. ५७८ चा शिलालेख आहे, पहिल्या कीर्तिवर्म्याच्या काळात त्याचा भाऊ मंगलेश यानं कोरवलेला. चारही लेणी एकाच डोंगरात, पायऱ्यांनी चढून जायची. पहिलं लेणं थोड्या पायऱ्यांवर, दुसरं त्याच्या वर, आणि सगळ्यात भव्य असलेलं तिसरं आणखी साठेक पायऱ्यांवर. आजींनी पहिल्या लेण्यातला अठरा हातांचा नटराज बघितला, दुसऱ्यातला त्रिविक्रम बघितला आणि तिथेच बसल्या. तिसऱ्याच्या हट्टापायी गुडघा सुजला असता तर पुढचे सहा दिवस गेले असते.

माकडांकडे दुर्लक्ष करू नये. हातात दिसणारी पिशवी, पाण्याची बाटली, केळं, काहीही ओढतात. नातवाच्या हातातला बिस्किटाचा पुडा दुसऱ्या पायरीवरच गेला. खाणं गाडीत, पाणी पाठीवरच्या बंद पिशवीत, काठी आजोबांच्या हातात, एवढी व्यवस्था पुरते.

साडेअकरा ते साडेतीन विश्रांती. मग अगस्त्य तलावाच्या काठाकाठानं भूतनाथाच्या देवळापर्यंत, सपाट वाट, आजींनाही जमणारी. मावळतीला तांबडा कातळ उजळतो. दोन रात्री घेतल्या त्या या दीड तासासाठी. बदामीला दुपारी दोन तास थांबून जाणाऱ्यांना तो दिसतच नाही.

मंगळवार: जिथे वेळ हातातून गेला

बदामीहून हंपीला जाताना पट्टदकल आणि ऐहोळे वाटेवर घेता येतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ते दोन्ही बघून पुन्हा बदामीला परततात आणि दुसऱ्या दिवशी त्याच दिशेला निघतात. पट्टदकल २२ किलोमीटर, ऐहोळे तिथून पुढे, मग अमीनगड, हुनगुंद, इलकल, कुष्टगी आणि होस्पेट. सगळं मिळून पावणेदोनशेच्या आसपास.

वेळापत्रक असं होतं: आठला पट्टदकल, साडेदहाला ऐहोळे, एकला अमीनगडला जेवण, इलकलला पाऊण तास, साडेपाचला कमलापूर.

पट्टदकल ठरल्याप्रमाणे झालं. १९८७ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं हे आवार सपाट आणि नीट राखलेलं आहे. एकाच हिरवळीवर उत्तरेकडची नागर आणि दक्षिणेकडची द्राविड शिखरं शेजारीशेजारी बघायला मिळतात. ऐहोळेत दुर्ग आणि लाडखान ही देवळं बघून झाल्यावर आजोबा मेगुती टेकडीकडे वळले. तिथे रवीकीर्तीचा इ. स. ६३४ चा शिलालेख आहे. दुसऱ्या पुलकेशीनं तीन महाराष्ट्रकांतल्या ९९,००० गावांवर सत्ता मिळवल्याचं त्यात कोरलंय आणि कालिदास-भारवींचं नावही आहे. मराठी माणसानं या टेकडीकडे पाठ फिरवणं अवघडच. वेळापत्रकात मात्र ती नव्हती. पाऊण तास गेला.

मग इलकल. इरकली लुगड्याच्या दुकानात आजी आणि सून शिरल्या, बहिणींसाठी, विहिणीसाठी, टोपपदराची असं करत दोन तास दहा मिनिटं झाली. दोष त्यांचा नाही. पाऊण तास लिहिणाऱ्याचा आहे. लुगड्यांची खरेदी पाऊण तासात झाल्याचं कोणी ऐकलंय? अमीनगडच्या करदंटाच्या, म्हणजे गूळ-सुकामेव्याच्या मिठाईच्या, पुड्यावर मुलांनी तग धरला.

कमलापूरला पोचायला सव्वाआठ झाले. कुष्टगीच्या पुढे अंधारात मालट्रकांमागे गाडी हाकावी लागली. हंपीच्या हेमकूट टेकडीवरची संध्याकाळ बुडाली. दुरुस्ती सोपी होती: बदामी सातऐवजी सहाला सोडायची आणि ऐहोळेची दोन देवळं कमी करायची. खरेदीची जागा ही प्रेक्षणीय स्थळाइतकीच खरी असते, तिला यादीत स्वतःचे दोन तास द्यावेत.

बुधवार: हंपीचा एकच दिवस

एकाच दिवसात हंपी बसवायची तर ओळ लावावी लागते. विजय विठ्ठल मंदिर आधी, कारण गाडी सुमारे किलोमीटरभर अलीकडे थांबते आणि पुढे विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी रांग लागते. सुट्टीत दहानंतर तिथे तासभर जातो, सकाळी लवकर दहा मिनिटं. तिकीट जपून ठेवावं, त्याच दिवशी तेच कमळ महालाच्या आवारालाही चालतं.

आजी दगडी रथापेक्षा गाभाऱ्यापाशी जास्त रेंगाळल्या. गाभारा रिकामा आहे. भानुदासांनी विठोबा इथून पंढरपूरला परत नेला ही वारकऱ्यांची कथा त्यांनी नातवाला तिथेच उभं राहून सांगितली. असा वेळ कुठल्या वेळापत्रकात धरता येत नाही, म्हणून रोज तासभर बिनकामाचा ठेवायचा.

साडेअकरापर्यंत कमळ महाल आणि हत्तीशाळा. बारा ते साडेतीन खोलीवर. हंपीतले धोंडे दुपारी तव्यासारखे तापतात, नोव्हेंबरातसुद्धा. चारला विरूपाक्ष, मग बुडालेल्या संध्याकाळची भरपाई म्हणून हेमकूट. पलीकडच्या काठावरचं आनेगुंदी सोडून दिलं. होडी दिवसाउजेडी आणि नदीच्या पाण्यावर अवलंबून, गाडीनं जायचं तर बुक्कसागरच्या पुलावरून वळसा. दरोजीचं अस्वल अभयारण्य जवळच आहे, पण पुढे दोन दिवस जंगल होतंच. एकाच चवीचे दोन पदार्थ नकोत. ज्यांना दांडेली जमत नाही त्यांनी मात्र दरोजीची दुपार आणि आनेगुंदीची सकाळ घ्यावी, निसर्गाचा वाटा तेवढ्यात भागतो.

गुरुवार ते रविवार

गुरुवारी मुलगा आणि नात पहाटे मातंग टेकडीवर सूर्योदयाला गेले, टॉर्च घेऊन. बाकीचे झोपले. नऊला निघून गदगच्या अलीकडे लक्कुंडीला तासभर थांबले. काशीविश्वेश्वराच्या दारावरचं कोरीवकाम बघितलं की गदगपर्यंत कोणी बोलत नाही. हुबळीत जेवण, टाकी भरून घेणं आणि रोख पैसे काढणं. हंपी ते दांडेली साधारण २३५ किलोमीटर, अंधाराआधी पोचायचं हाच नियम.

शुक्रवारी राफ्टिंग ठरलेलं होतं. काळी नदीला सुपा धरणातून पाणी सोडलं तरच ते होतं, आणि त्या दिवशी सोडलं नाही. लांबच्या पल्ल्याला वयाची अट असते म्हणून नातू तसाही बाहेर होता. नात मात्र हिरमुसली. अशा वेळी उपयोगी पडतो तो आधीच लिहून ठेवलेला पर्याय: पहाटे लाकूड डेपोच्या परिसरात धनेश पक्षी बघणं. दांडेलीत त्यांच्यासाठी २०११ पासून राखीव क्षेत्र आहे. वडा-उंबराच्या झाडांवर फळं असतील तर थव्यानं येतात, पंखांचा आवाज झुकझुक गाडीसारखा. पाण्यावर, वाऱ्यावर किंवा प्राण्यावर अवलंबून असलेली गोष्ट पहिल्या दिवशी ठेवावी, म्हणजे हुकली तर दुसरा दिवस उरतो. शनिवारी सकाळी पाणी आलं. छोट्या पल्ल्याचं राफ्टिंग झालं आणि ओले कपडे पिशवीत कोंबून कुटुंब साडेअकराला निघालं.

बेळगावमार्गे कोल्हापूर साधारण दोनशे किलोमीटर. मुक्काम बेळगावला न ठेवता कोल्हापूरला ठेवला, कारण बेळगावहून पुणे ३४० पडतं आणि कोल्हापूरहून २३५. शनिवारी संध्याकाळी अंबाबाईला गर्दी असते, दर्शन रविवारी पहाटे उरकलं. जंगलानंतर एक रात्र शहरात काढण्याचा फायदा अगदी व्यवहारी आहे: औषधाचं दुकान, गरम पाणी आणि धुतलेले कपडे.

रविवारी नऊला कोल्हापूर सोडलं. महामार्गाच्या सहापदरीकरणामुळे कागल ते सातारा पट्ट्यात वळणरस्ते असतात, आणि सुट्टीतल्या रविवारी दुपारनंतर पुण्याकडे येणारी गर्दी खंबाटकी आणि खेड शिवापूरला तुंबते. दोनच्या आत खंबाटकी ओलांडायची असा हिशेब होता. दीडला बोगद्यातून बाहेर पडले, जेवण घरी.